शीव कोण चाललं?

माझ्या बाच्या नावावरची रेघ मी डोळ्यांनी पाहिली आहे. काळ्या शाईची, पट्टी लावून मारलेली. नाव खोडायचं तर माणूस घाईनं एक फराटा मारतो आणि मोकळा होतो. पण ज्यानं ख्रिस्ती मंडळीच्या वहीतून माझ्या बाला काढलं, त्यानं मांडी घालून, पट्टी धरून, शाईवर फुंकर घालून काढलं असणार. शेजारी दोन शब्द लिहिले होते, करार मोडला. माझा बा तीन वर्षं त्या दोन शब्दांखाली जगला आणि त्यांच्याखालीच मेला. आता मी म्हातारी झाले, माझ्या हाताखालून कितीतरी पोरी लिहायला शिकून गेल्या, तरी एखादी वहीवर पट्टी धरून रेघ मारायला लागली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पोरी म्हणतात, बाई उगीच चिडतात. चिडते खरी, पण उगीच नाही.

आमचं गाव आण्याच्या पठाराच्या पायथ्याशी. बाजारहाट आळ्याला, आणि काही मोठं काम निघालं तर जुन्नरला. महारवाड्यातल्या अकरा घरांनी माझ्या जन्माच्या आधी बाप्तिस्मा घेतला होता. म्हणून काही घरांना सोन्याची कौलं आली नाहीत. वाडा तोच, पाणवठा तोच, गावानं सांगायचं आणि आम्ही करायचं हेही तेच. नवीन म्हणाल तर एक प्रार्थनेची खोली उभी राहिली, मातीच्या भिंतींची. जुन्नरहून पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा तट्टावर बसून यायचे आणि प्रभुभोजन द्यायचे. भाकरीचा एक तुकडा आणि प्याल्यातला एक घोट, हा प्याला म्हणजे देवाचा करार असं म्हणून. बाकीचे दिवस मंडळीचा कारभार पंच पाहायचे, म्हणजे खरं तर एकच माणूस पाहायचा.

हा पंच माझ्या बाचा चुलत चुलता. आई त्याला मामंजी म्हणायची, मी आजा म्हणायची. ताठ पाठीचा, चष्म्याची काडी मोडली म्हणून कानाला दोरा गुंडाळलेला. आमच्यात त्याच्या वयाचा लिहिता-वाचता तो एकटाच, त्यामुळे नाकानं कांदे सोलायची त्याला मुभाच होती. तसा माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्यानं स्वतःच्या कणगीतलं धान्य वाटलं होतं, हे मी लपवणार नाही. पण त्याला कागदाचं भारी वेड. तोंडचा शब्द त्याला पुरत नसे.

एकदा तो जुन्नरला गेला आणि तिथल्या कागदी मोहल्ल्यातून जाड, पिवळसर, हातानं केलेला कागद घेऊन आला. कागदी म्हणे त्याला म्हणाला होता की ह्याला तीन पिढ्या वाळवी लागायची नाही. त्या कागदावर त्यानं अकरा घरांचा लेखी करार केला. गावाच्या देवीपुढं हलगी वाजवणार नाही, जत्रेत नाचणार नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मरीआईचा गाडा ओढणार नाही. जो ओढील त्यानं देवाशी केलेला करार मोडला असं धरावं आणि त्याचं नाव वहीतून काढावं. खाली सगळ्यांचे अंगठे. पहिला अंगठा माझ्या बाचा. त्याला एवढी हौस, की अंगठ्याची शाई त्यानं दोन दिवस धुतली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

गाडा म्हणजे काय ते आताच्या मुलांना सांगावं लागतं. गावात पटकी आली, माणसं ढाळ-वांतीनं पटापट मरू लागली, की गाव एक लहानसा लाकडी गाडा करायचं. त्यात मरीआई बसवायची. बायका हिरव्या बांगड्या, खण, लिंबं, दहीभात आणून ठेवायच्या. मग महारानं तो गाडा एकट्यानं ओढून गावाच्या शिवेपार नेऊन सोडायचा. पटकी त्यात बसून जाते, असा समज. वेशीपर्यंत गाव वाजतगाजत यायचं, पुढं ओढणारा एकटा, आणि त्यानं मागं वळून बघायचं नाही. वतनाचं काम होतं ते. नाही म्हणणाऱ्याचं गावात काही खरं नसायचं. माझा बा दोन वेळा नाही म्हणाला होता. एकदा त्याच्या पाठीवर वळ उठले, दुसऱ्यांदा गावानं आम्हाला सरपणालासुद्धा रानात येऊ दिलं नाही. तरी बा हलला नव्हता. हे त्या वहीत कुठं लिहिलेलं नाही. मी पानन् पान पाहिलं आहे.

दुष्काळ संपला आणि त्यामागोमाग पटकी आली. मी पंधरा वर्षांची, शहरातल्या मुलींच्या शाळेतून सुटीला घरी आलेले. सकाळी चांगली होते, दुपारपर्यंत हातपाय गार पडले, डोळे खोल गेले. आई मिठाची पेज पळीपळीनं घालत होती आणि मी ओकत होते. पंचाची सूनही त्याच दिवशी पडली. गावाचा गाडा वेशीत येऊन उभा राहिला आणि पाटलाचा माणूस आमच्या दारात. पाळी बाची होती. आई सांगायची, बा एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा त्या माणसाकडं. मग वहाणा न घालताच बाहेर पडला.

परत आला तो दारातल्या दगडावर बसून हात धूत राहिला. घागर संपली तरी धूत राहिला. आई काही विचारायच्या आत म्हणाला की त्या गाड्यात काही नाही हे त्याला ठाऊक होतं, लाकडात काय असणार, पण पोरीचे डोळे पाहिले आणि पाय आपोआप गेले. मी वाचले. पंचाची सून वाचली नाही. गावात बायका बोलल्या की बापानं गाडा ओढला म्हणून पोरगी राहिली. डोंबलाचं राहिली. मी आईच्या पेजेनं राहिले आणि देवानं ठेवली म्हणून राहिले. पण बा माझ्यासाठी गेला, हे खरं. माझ्या जिवापायी माझ्या बाच्या नावावर रेघ आली, आणि हा काटा मी आयुष्यभर सांभाळला आहे.

पुढच्या रविवारी पंचानं कागद वाचून दाखवला. त्याच्या घरचं सुतक नुकतंच होतं, आवाज फाटलेला होता, तरी शेवटपर्यंत वाचला. बा उभा राहिला. चुकलो म्हणाला, सगळ्यांसमोर हात जोडले, रडला. पंच त्याच्याकडं न बघता म्हणाला, कागदात चुकलो म्हणायची सोय नाही. पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी हळहळ केली आणि शिस्त पाळली पाहिजे म्हणाले, थोडे दिवस जाऊ द्या म्हणाले. ते थोडे दिवस तीन वर्षांचे झाले. दर रविवारी माझा बा प्रार्थनेच्या खोलीबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडं, लोकांच्या वहाणांशेजारी बसायचा. गीत सुरू झालं की तिथूनच गायचा. आत त्याच्यापेक्षा सुरात गाणारं कुणी नव्हतं, ते मात्र सगळ्यांना चालत होतं.

पोटासाठी तो घाटातल्या रस्त्यावर खडी फोडायला जाई. दगडाची धूळ छातीत बसली. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात मला शाळेत निरोप आला की बाची आशा नाही. मी आले तर काय, उभा पुरुष पोत्यासारखा भिंतीला टेकलेला. श्वास घेताना बरगड्या मोजून घ्याव्यात. मला जवळ बसवून त्यानं एकच गोष्ट सांगितली. त्याला औषध नको होतं, कुणाला भेटायचं नव्हतं. मरायच्या आधी एकदा प्याला हवा होता. पाळकसाहेब त्याच रविवारी यायचे होते.

रविवारी सकाळी आईनं त्याला ऊन पाण्यानं अंघोळ घातली, धुतलेलं धोतर नेसवलं, डोक्याला फडकं बांधलं. दाराकडं तोंड करून बसवा म्हणाला, म्हणजे पाळकसाहेब येताना दिसतील. शेजारणीला त्याच्याजवळ बसवून आई आणि मी निघालो. माझ्या हातात आईनं आमचं शास्त्र, म्हणजे बायबल, दिलं होतं. माझं शाळेतलं, पुठ्ठा निघालेलं.

उपासना झाली, भाकर आणि प्याला पांढऱ्या फडक्याखाली झाकलेला होता, आणि आई उठून उभी राहिली. बायकांनी मध्येच उभं राहायची आमच्यात रीत नव्हती. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि पाळकसाहेबांना म्हणाली की घरधनी चार दिवसांचे सोबती आहेत, त्यांच्यासाठी प्याला न्यायचा आहे. पंचानं तिथल्या तिथं सांगितलं की नाव वहीत नाही. मग पेटी उघडली, कागद काढला, उलगडला. वाळवी खरंच लागली नव्हती.

आईनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, अब्राहामाचं वाच, मागच्या सुटीत वाचलं व्हतंस ते. मला वाटलं, झालं, आता आपलं हसं. पण आईचा चेहरा बघून मी पान काढलं. देवानं अब्राहामाला देश देऊ केला होता आणि लेकरं देऊ केली होती, आणि अब्राहामानं विचारलं होतं की हे होईल हे मी कशावरून समजू. तेव्हा देवानं त्याला कालवड, शेळी आणि मेंढा आणायला लावलं. अब्राहामानं ते मधोमध चिरून समोरासमोर मांडले, वर घिरट्या घालणारी गिधाडं हाकलली, आणि सूर्य कलताना त्याला गाढ झोप लागली. मग अंधारात धुराची भट्टी आणि पेटता पलिता त्या तुकड्यांमधून चालत गेला. त्या दिवशी देवानं करार केला.

"त्या तुकड्यांमधनं चाललं कोण?" आईनं विचारलं.

मी म्हणाले, जाळ चालला, म्हणजे देवच चालला.

"आन अब्राहाम?"

"झोपला होता."

आई पंचाकडं वळली. आणि तिनं जे विचारलं, ते कुठल्या शहरातल्या माणसाला कळलं नसतं, पण त्या खोलीतल्या एकूण एक म्हाताऱ्याची मान वर झाली. माझा आजा, म्हणजे बाचा बाप, शीव चाललेला माणूस होता. पूर्वी दोन गावांचं शिवेवरून भांडण लागलं आणि काही केल्या मिटेना, की एका गावाचा महार उभा करायचे. शीव त्याच्या पायाखालची. त्याच्या डोक्यावर ओलं कातडं ठेवायचं, हातात त्या मातीचं ढेकूळ द्यायचं, आणि तो एकटा शीव चालत जायचा. दोन्ही गावं दूर उभी राहून बघायची. तो चालला ती शीव. खोटं चालला असेल तर त्याच्या घराचं वाटोळं व्हायचं, हे सगळ्यांनी धरलेलं. बाकी कुणाला काही नाही. सरकारी मोजणीचे दगड रोवले गेल्यावरसुद्धा एकदा आमच्या दोन गावांना ते दगड पटले नव्हते, आणि माझा आजा चालला होता.

"मामंजी, माझं सासरं शीव चाललं तवा तुमी तिथं व्हता," आई म्हणाली. "कातडं किती जणांच्या डोक्यावर व्हतं?"

पंचानं चष्मा काढला. खोटं बोलायचा माणूस नव्हता तो, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. म्हणाला, "एकाच्या. जो चालतो त्याच्या."

"आन शब्द खोटा पडला तर घर कुणाचं जातं?"

"चालला त्याचं."

"मंग देव चालला," आई म्हणाली. "कातडं त्याच्या डोक्यावर हाय. तुमच्या कागदावर अंगठा आमच्या धन्याचा हाय, तो त्यांनी मोडला, ते त्यांनी कबूल केलंय. पर ह्या प्याल्यावर त्यांचा अंगठा नाय. हितं शब्द देवाचा हाय, आन तो त्यानं मोडल्याचं मी अजून ऐकलं नाय."

पाळकसाहेबांनी माझ्या हातून शास्त्र घेतलं, ओठ हलवत ते पान वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, ते उठलेच. आता फडकं काढून प्याला घेतील आणि आमच्याबरोबर चालू लागतील. तेवढ्यात पंच म्हणाला की असं केलं तर उद्या कुणीही गाडा ओढील, मग अकरा घरं मार कशासाठी खातात. ह्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर ते इतकं बोचलं. आई म्हणाली की ज्यानं वढला त्याला तोंडावर बोला, शिव्या द्या, पण उपाशी ठेवू नका.

आणि पाळकसाहेबांनी काय करावं? शास्त्र मिटलं. म्हणाले, बाई, तुमचं म्हणणं विचार करण्याजोगं आहे, पुढच्या खेपेला पंचांची बैठक बसवू. पुढच्या खेपेला म्हणजे तीन महिन्यांनी. बरगड्या मोजाव्यात असा माणूस दाराकडं तोंड करून बसलाय आणि ह्यांची बैठक. मोठ्या शहरात राहून शिकलेला, चार भाषा वाचणारा माणूस, आणि एका अडाणी बाईनं हातात आणून दिलेली गोष्ट त्याला धरवेना. दुपारी पंचाच्या घरी जेवले आणि तट्टावर बसून गेले. मी अजून त्यांना क्षमा केलेली नाही. करीन कधीतरी, घाई नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा बानं आधी आमच्या मागं बघितलं आणि मग आमच्या रिकाम्या हातांकडं. आईनं खोटं सांगितलं नाही. त्याच्यापाशी बसून सगळं सांगितलं, पंच काय म्हणाला तेही. मग अब्राहामाचं सांगितलं आणि कातड्याचं सांगितलं. मला वाटत होतं बा रडेल. पण कातड्याचं ऐकलं आणि तो सावरून बसला. शीव चालायच्या दिवशी तो पोर होता. कातड्याचा वास त्याच्या बापाच्या अंगाला महिनाभर येत होता म्हणाला, आणि घरातल्या कुणाला ताप आला की बाप आधी बाहेर जाऊन आभाळाकडं बघायचा, इतकं ओझं होतं ते.

"म्हंजी मला चालायचंच नव्हतं," बा म्हणाला. "आन मी तीन वर्सं पाय दुखवून घेतलं."

मग तो आडवा झाला आणि भर दुपारी झोपी गेला. तीन वर्षांत त्याला दिवसा झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी गेला. मातीला पंच आला होता, मूठभर माती टाकली आणि आईकडं न बघता गेला. पुढच्या रविवारपासून आई प्रार्थनेच्या खोलीबाहेर, बाच्या जागी, वहाणांशेजारी बसायला लागली. तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. पाळक बदलले, नवे आले, त्यांनी तिला आत बोलावलं. ती म्हणायची, इथं बरं आहे.

आठ वर्षं गेली. मी शहरात शिक्षकीण झाले होते, उन्हाळ्याच्या सुटीत घरी आले होते. पंचाचं अर्धं अंग गेलं होतं. एका सकाळी त्याच्या नातवानं येऊन सांगितलं की आजा आईला बोलावतोय, नवे पाळकही आलेत. मी म्हणाले, जाऊ नकोस. आई वहाणा शोधायला लागली. तिला एकटीला पाठवायचं नाही म्हणून मी गेले, तणतणत.

खाटेवर तो ताठ पाठीचा माणूस एका कुशीवर पडला होता. तोंडाची एक बाजू ओघळलेली, पण बोलणं कळत होतं. उशाला ती वही आणि तो कागद. आईला म्हणाला की त्या दिवशी, गाडा वेशीबाहेर पडल्यावर, वळणावरच्या बाभळीखाली तो उभा होता. उपरण्याखालून हिरव्या बांगड्या आणि खण काढून त्यानं गाड्यात ठेवले, सुनेसाठी. बाच्या हातात दोर होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बा पुढं निघाला. आणि आठ दिवसांनी त्यानंच बसून ती रेघ मारली. बा आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून तो वाट बघत राहिला आणि माझा बा कधी बोललाच नाही.

मी आईकडं वळले आणि आईचा चेहरा बघून मला कळलं की तिला हे नवीन नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हतं. तुझ्या बानं सांगितलं व्हतं. बोलायचं नाय असा शब्द घेतला व्हता माझ्याकडनं."

मी त्या मरणाऱ्या माणसासमोर आईवर ओरडले, मला त्याची लाज नाही. भर मंडळीत हे एक वाक्य बोलली असतीस तर बाला प्याला मिळाला असता, असं मी म्हणाले. आई शांतपणे म्हणाली, "मामंजींना वहाणांपाशी बसवून तुझा बा आत गेला असता व्हय? तो मंग भायेरच बसला असता. दोघं बसलं असतं."

पंच रडत होता. विचारत होता की माझं काय होणार, मी तर करार दोनदा मोडला, एकदा गाड्यापाशी आणि एकदा वहीपाशी. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली, आता भोग. आई त्याच्या खाटेच्या कडेला बसली, सुनेनं बसावं तशी, आणि लुळ्या हातावरची माशी तिनं हाकलली.

"अब्राहाम झोपला व्हता, मामंजी," ती म्हणाली. "तुमी बी झोपा. चालायचं काम तुमचं न्हाई."

पाळकांनी भाकर मोडली. पंच म्हणाला, आधी तिला द्या, माझ्यामुळं ती आठ वर्षं उपाशी आहे. आईनं घेतलं. मग पाळकांनी त्याच्या ओघळलेल्या तोंडाला प्याला लावला, थोडं सांडलं, आईनं पदरानं पुसलं. ज्या घोटासाठी माझा बा दाराकडं डोळे लावून बसला होता, तो घोट त्या माणसाला असा खाटेवर, उशी सारखी करून, तोंड पुसून मिळाला. आणि मग प्याला माझ्यापुढं आला.

मी हात पाठीमागं घेतले. शहरात दर महिन्याला मी प्रभुभोजन घेत असे, वहीत माझं नाव स्वच्छ होतं, माझ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. पण ज्या प्याल्याला त्याचं तोंड लागलं, त्याला मी तोंड लावणार नव्हते. पाळक थांबले. आई म्हणाली, घे. मी म्हणाले, मला राग आहे. मला वाटलं ती म्हणेल राग सोड, आणि मग मी तिथून निघून जाणार होते.

"राग घिऊन घे," आई म्हणाली. "तुझा राग गेल्यावर देव शब्द पाळणार हाय व्हय? आन तुझ्या बापाला कुणी दिला नाय म्हणून तू बी नाय घेतलास, तर ती रेघ तू मारलीस."

मी प्याला घेतला. भक्तीनं नव्हे. माझ्या बाला नाकारणाऱ्याच्या उष्ट्या प्याल्यातून मी घोट घेतला, आणि गिळताना मला कळलं की हा करार माझ्या चांगुलपणावर उभा नाही, तसा त्या म्हाताऱ्याच्या पापावर मोडलेलाही नाही. आणि खरं सांगते, त्याचाही मला रागच आला. देवानं निदान थोडी तरी आमची बाजू घ्यायला हवी होती.

पंच दोन दिवसांनी गेला. त्याआधी त्यानं वही माझ्यापुढं ढकलली होती, बाचं नाव पुन्हा लिही म्हणाला होता, तुझं अक्षर चांगलं आहे. मी लिहिलं नाही. रेघेखाली बाचं नाव अजून स्वच्छ वाचता येत होतं. मी वही मिटून त्याच्या उशाला परत ठेवली आणि बाहेर आले. आई दारात वहाणा घालत होती. मला म्हणाली, चल, बाच्या मातीवरचं गवत काढायचंय.